मोनो झाला म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली का?

मुग्धा_क

माझा मुलगा कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात त्याचा घसा इतका सुजला की आवंढा गिळणेही जड जात होते. ताप उतरत नव्हता, मानेच्या मागच्या बाजूला गाठी हाताला लागत होत्या आणि सकाळी उठला की पापण्या सुजलेल्या असायच्या. रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस, म्हणजे मोनो, असे निदान केले. एपस्टीन-बार नावाच्या विषाणूमुळे तो होतो, असे कळले.

रिपोर्टात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, त्यात लिम्फोसाइट निम्म्याहून जास्त, आणि खाली शेरा होता, ‘ॲटिपिकल लिम्फोसाइट आढळले’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट पेशी. घरच्यांकडून लगेच दोन गोष्टी कानावर आल्या. एक, त्याची प्रतिकारशक्ती ढासळली आहे, ती वाढवणारे काहीतरी सुरू कर. दुसरी, ॲटिपिकल म्हणजे रक्ताचा कर्करोग तर नाही ना, बघून घे. डॉक्टरांच्या मते दोन्ही नाही. विश्रांती घेऊ दे, बरा होईल, असे ते म्हणाले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

पण मला हे मुळापासून समजून घ्यायचे आहे. शरीर या विषाणूशी नेमके काय करते? प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून तो आजारी पडला की प्रकार उलटाच आहे? आणि हा विषाणू जन्मभर शरीरात राहतो म्हणतात, मग शरीर जिंकले म्हणायचे की हरले? जाणकारांनी लिहावे, ज्यांना झाला आहे त्यांनीही लिहावे.

निशाचर

चांगला विषय. जागा धरून बसतो.

सूक्ष्मदर्शी

रक्ताच्या स्लाइड बघणे हेच माझे रोजचे काम, तेव्हा ॲटिपिकलपासून सुरुवात करतो, कारण त्या एका शब्दाने भली भली माणसे घाबरतात.

एरवी रक्तातला लिम्फोसाइट लहानसा असतो, तांबड्या पेशीपेक्षा थोडा मोठा. आत गडद गोल केंद्रक आणि त्याभोवती निळसर पेशीद्रवाची अगदी बारीक कड. मोनोच्या स्लाइडवर मात्र त्याच जातीच्या पेशी फुगून दुप्पट-तिप्पट झालेल्या दिसतात. पेशीद्रव भरपूर आणि फिकट निळा, कडेला मात्र रंग गडद. शेजारच्या तांबड्या पेशीला टेकल्या की त्या तिच्या गोलाईवर पसरतात, त्यामुळे कड खाचाखाचांची होते. हे एकदा पाहिले की विसरत नाही.

कर्करोगाची शंका दूर करणारी खूणही याच स्लाइडवर असते. ल्युकेमियात बहुतेक पेशी एकाच पेशीच्या प्रती असतात, सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. मोनोत दोन पेशी सारख्या दिसत नाहीत. कोणी मोठी, कोणी मधली, कुणाचे केंद्रक घडी पडलेले, कुणाचे वाटाण्यासारखे. तरी काही पेशी फसव्या दिसतात आणि तेव्हा आम्ही वरिष्ठांना दाखवल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही. ही भीती जुनीच आहे. १९२० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या स्प्रंट आणि इव्हान्स यांनी सहा तरुण रुग्णांवर निबंध लिहिला आणि या आजाराला आजचे नाव दिले. रक्तात अशा पेशींची गर्दी आणि तरीही रुग्ण आपोआप खडखडीत बरे, हे कोडे त्यांच्यापुढेही होते. पेशींचे बारकाईने वर्णन डाउनी आणि मॅकिन्ले यांनी १९२३ मध्ये केले.

आता महत्त्वाचे. बहुतेकांना वाटते की या वेड्यावाकड्या पेशींतच विषाणू भरलेला असतो. तसे नाही. विषाणू राहतो बी पेशींत, म्हणजे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवणाऱ्या लिम्फोसाइटांत. स्लाइडवर दिसणाऱ्या मोठ्या पेशी बहुतांशी टी पेशी असतात, त्यातही सीडी ८ जातीच्या, म्हणजे बाधित पेशींना शोधून मारणाऱ्या.

निशाचर

म्हणजे रिपोर्टातला तो वाढलेला आकडा आजाराचा नाही, आजाराला दिलेल्या उत्तराचा आहे?

सूक्ष्मदर्शी

अगदी तेच.

अनुराधा_स

सूक्ष्मदर्शींनी पाया घालून दिला आहे. मी टी पेशींवर काम करते, तेव्हा पुढचे मी लिहिते. थोडे लांबेल.

विषाणू लाळेतून येतो आणि टॉन्सिलच्या परिसरात बी पेशींना गाठतो. त्याच्या आवरणावर जीपी ३५० नावाचे प्रथिन असते आणि ते बी पेशीवरच्या सीडी २१ या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते. आत शिरल्यावर तो जे करतो त्याने मी दर वेळी थक्क होते. एरवी बी पेशीला कामाला लागायचे तर दोन इशारे लागतात, आपल्या ओळखीचा प्रतिजन, म्हणजे परका रेणू, भेटल्याचा एक आणि मदतनीस टी पेशीच्या होकाराचा दुसरा. हा विषाणू दोन्ही इशारे स्वतःच तयार करतो. एलएमपी २ए हे प्रथिन पहिल्याची नक्कल करते, एलएमपी १ दुसऱ्याची. बिचाऱ्या बी पेशीला वाटते आपल्याला रीतसर बोलावणे आले आहे. ती विभागत जाते आणि प्रत्येक विभाजनासोबत विषाणूही वाढतो.

हे सारे निमूटपणे चालते. संसर्गापासून लक्षणांपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. सर्दी दोन-तीन दिवसांत नाक गळायला लावते, त्या मानाने हा काळ प्रचंड आहे. त्या काळात माणूस हिंडतो-फिरतो, त्याला काहीही जाणवत नाही.

मग टी पेशी जाग्या होतात, आणि कशा! काही रुग्णांत रक्तातल्या एकूण सीडी ८ पेशींपैकी ४० टक्क्यांच्या आसपास पेशी विषाणूच्या एकाच प्रथिनाच्या एका छोट्या तुकड्यावर रोखलेल्या आढळल्या आहेत. शरीरातल्या सगळ्या शत्रूंसाठी राखलेल्या फौजेचा एवढा मोठा हिस्सा एका तुकड्यामागे! या पेशी इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ अशी रसायने सोडतात. ताप, अंगदुखी, गळून जाणे हे त्यांचे परिणाम. टॉन्सिल, गाठी, प्लीहा यांत याच पेशींची दाटी होते म्हणून ते सुजतात. यकृतातही त्या शिरतात, म्हणून बहुतेकांची यकृताची एन्झाइम थोडीफार वाढतात. कावीळ मात्र थोड्यांनाच होते.

तेव्हा मुग्धाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. तुमच्या मुलाला जे सोसावे लागले त्यातला मोठा वाटा तिच्या जोराचाच आहे.

चिकित्सक

अनुराधाजी, प्रतिसाद माहितीपूर्ण आहे पण निष्कर्षाशी सहमत नाही. ‘आजार म्हणजे प्रतिकारशक्तीचा जोर’ हे वाक्य आजकाल प्रत्येक आजाराबद्दल ऐकू येते. विषाणू मुळात नसता तर हे काहीच झाले नसते ना? शिवाय रक्तात विषाणू जास्त म्हणून टी पेशी जास्त आणि लक्षणेही जास्त, असेही असू शकते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे म्हणता येत नाही. विदा (डेटा) आहे का?

अनुराधा_स

आहे, आणि तुमचा आक्षेप रास्त आहे, कारण नेमके हेच वेगळे करून बघावे लागते. त्यासाठी अशी माणसे हवीत ज्यांना संसर्ग झाला पण आजार झाला नाही.

अशी माणसे सापडली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात, काहीही लक्षणे न दाखवता संसर्ग झालेल्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण भरपूर होते. पण मोनोत दिसते तशी टी पेशींची उलथापालथ त्यांच्यात नव्हती. पुढे गँबियातल्या लहान मुलांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये आला. त्या वयात तिथे बहुतेकांना हा संसर्ग होऊन जातो. त्या मुलांच्या रक्तातही विषाणू मोठ्या प्रमाणात होता, त्यांच्या सीडी ८ पेशींनी त्याला अचूक ओळखलेही होते, पण पेशींची एकूण संख्या फुगली नव्हती. मुले ठणठणीत.

म्हणजे विषाणू भरपूर, टी पेशींचे उत्तरही हजर, फक्त ते प्रमाणात होते. आजार नाही. मोनोत उत्तर प्रमाणाबाहेर जाते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. विषाणू निमित्त आहे हे खरेच, पण केवळ त्याच्या संख्येवरून कोण आजारी पडेल हे सांगता येत नाही.

चिकित्सक

हा मुद्दा पटला. मग तरुणांमध्येच उत्तर प्रमाणाबाहेर का जाते?

हेमांगी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, यावर थोडे लिहिते.

जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. लहानपणी झाला तर तो साध्या तापासारखा किंवा कळतही नाही असा निघून जातो. पौगंडावस्थेत किंवा विशीत पहिल्यांदा गाठ पडली की मोनो होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. कारणे अनेक सुचवली गेली आहेत. मोठ्या वयात एकाच वेळी जास्त विषाणू पोटात जात असावा, हे एक. लहान मुलांत विशिष्ट प्रकारच्या एनके पेशी (बाधित पेशींना मारणारे आणखी एका जातीचे लिम्फोसाइट) जास्त असतात आणि त्या बाधित पेशी सुरुवातीलाच टिपतात, वयाबरोबर त्यांचे प्रमाण घटते, हे दुसरे. तिसरे मला सगळ्यात रंजक वाटते. तरुण माणसाकडे आधीच्या आजारांच्या आठवणी बाळगणाऱ्या टी पेशींचा मोठा साठा असतो. त्यातल्या काहींना हा विषाणू ओळखीचा ‘वाटतो’ आणि त्या घाईने, पण नेम न धरता, कामाला लागतात. यातले कुठलेही एक कारण पुरेसे ठरलेले नाही.

मुग्धा, पापण्यांची सूज तुम्ही बरोबर टिपलीत. सुरुवातीच्या दिवसांत ती कित्येकांत दिसते आणि ॲलर्जी समजून सोडून दिली जाते.

पानगळ

सगळे खरे, पण प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर बिघडते काय? शेवटी शक्ती वाढलेली चांगलीच ना.

अनुराधा_स

पानगळ, वरचे सगळे वाचल्यावर तुम्हीच सांगा, कुठला भाग वाढवायचा? सीडी ८ पेशी? त्या तर आधीच दुथडी भरून वाहत आहेत. बी पेशींचे विभाजन? ते विषाणूलाच हवे आहे. ‘शक्ती’ म्हटले की एक काटा डोळ्यापुढे येतो, जो वर गेला की चांगले. शरीरात असा काटा नाही. पेशी आहेत, त्यांनी केव्हा सुरू व्हायचे, कुणाला मारायचे आणि केव्हा थांबायचे हे ठरलेले आहे. यातले थांबणे फार मोलाचे आहे.

एक उदाहरण देते, कारण यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. काही मुलग्यांत एक्स गुणसूत्रावरच्या एसएच२डी१ए या जनुकात जन्मतः दोष असतो. डेव्हिड पर्टिलो यांनी १९७५ मध्ये अशा एका कुटुंबाचे वर्णन केले. एरवी ही मुले बऱ्यापैकी निरोगी असू शकतात. पण ईबीव्हीचा, म्हणजे एपस्टीन-बार विषाणूचा, संसर्ग झाला की हाहाकार उडतो. त्यांच्या टी पेशी आणि एनके पेशी बाधित बी पेशीपर्यंत पोहोचतात, पण तिला नीट मारू शकत नाहीत. शत्रू मरत नाही म्हणून इशारा थांबत नाही, इशारा थांबत नाही म्हणून टी पेशी वाढतच राहतात, आणि रसायनांचा महापूर येऊन यकृत, अस्थिमज्जा उद्ध्वस्त होतात. उपचार वेळेत झाले नाहीत तर मूल दगावते. तिथे प्रतिकार ‘कमी’ आहे की ‘जास्त’? दोन्ही शब्द अपुरे पडतात. संख्या जास्त आहे, काम होत नाही.

पानगळ

हे माहीत नव्हते. असा विचार केला नव्हता, धन्यवाद.

जुना_वाचक

धाग्यावर विषाणूच्या शोधाची गोष्ट यायलाच हवी. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात काम करत. तिथल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका गाठीचे वर्णन त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडनला त्यांचे व्याख्यान झाले, तेव्हा श्रोत्यांत अँथनी एपस्टीन बसले होते. ही गाठ विषाणूमुळे होत असावी असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे युगांडाहून गाठींचे नमुने येत राहिले आणि १९६४ मध्ये एपस्टीन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. नावात अचाँग राहून गेले, याची मला नेहमी चुटपुट लागते.

तोवर त्याचा मोनोशी संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. तो जुळला फिलाडेल्फियात. वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती, म्हणून तिचे रक्त तुलनेसाठी वापरत. ती आजारी पडली, मोनोचे निदान झाले, आणि बरी होऊन परत आल्यावर तपासले तर प्रतिपिंडे हजर! १९६८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. आधीचे ‘नाही’ आणि नंतरचे ‘आहे’, दोन्ही एकाच माणसाच्या रक्तात मिळाल्यामुळेच हे उलगडले.

निशाचर

वा! काका, हा प्रतिसाद साठवून ठेवतो आहे.

अवांतर शंका: आमच्या मित्राची मोनोची चाचणी झाली तेव्हा रिपोर्टात घोड्याच्या रक्तपेशींचा उल्लेख होता. घोडा कुठून आला?

सूक्ष्मदर्शी

घोड्याआधी मेंढी आली होती. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांना आढळले की मोनोच्या रुग्णाचा रक्तद्रव मेंढीच्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो. विषाणू सापडायला तेव्हा तीस वर्षांहून जास्त अवकाश होता, पण निदान होऊ लागले.

कारण असे. विषाणू बी पेशींना सरसकट चेतवतो, त्या कुठले प्रतिपिंड बनवतात हे तो बघत नाही. त्यामुळे मेंढी, घोडा अशा प्राण्यांच्या पेशींना चिकटणारी, विषाणूशी काहीही संबंध नसलेली आयजीएम प्रतिपिंडे रक्तात येतात. कार्डवर रुग्णाच्या रक्तद्रवाचा थेंब आणि घोड्याच्या पेशींचा थेंब मिसळून कार्ड हळूहळू कलते करत राहायचे. एकजीव द्रव बघता बघता फाटल्यासारखा होतो आणि दाणे दिसू लागतात. झाली चाचणी.

पहिल्या आठवड्यात ती नकारात्मक येऊ शकते आणि चार वर्षांखालच्या मुलांत तर बरेचदा सकारात्मक येतच नाही. तेव्हा विषाणूची खास प्रतिपिंडे तपासावी लागतात. व्हीसीए या विषाणूच्या कवचातल्या प्रथिनाविरुद्धचे आयजीएम म्हणजे संसर्ग ताजा. ईबीएनए या त्याच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धचे आयजीजी (प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार) उशिरा, काही महिन्यांनी येते, त्यामुळे ते आधीच हजर असेल तर संसर्ग जुना.

आणखी एक. बी पेशी अशा सरसकट चेतल्याने मोनोच्या काळात संधिवाताच्या किंवा इतर काही तपासण्याही खोट्या सकारात्मक येऊ शकतात. ऐन आजारात डझनभर तपासण्या करून घेऊ नयेत, हा माझा कळकळीचा सल्ला.

कोकिळा

मुग्धाताई, लाळेतून पसरतो हे वाचून मुलाची उलटतपासणी घेऊ नका हं :)

हेमांगी

कोकिळा, हसले, पण मुद्दा खरा आहे. चुंबनाशी संबंध हॉगलंड यांनी १९५५ मध्ये मांडला आणि तो बरोबरच आहे. तरी उष्ट्या पाण्याच्या बाटलीतूनही तो येऊ शकतो. संसर्ग झालेली माणसे नंतर कित्येक महिने, आणि मग अधूनमधून जन्मभर, लाळेतून विषाणू सोडत असतात, तेही अगदी धडधाकट असताना. कोणाकडून आला हे शोधणे अशक्य आहे आणि त्यावरून कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

धावपटू

मला विशीत झाला होता. ताप गेला, घसा मोकळा झाला, आणि मला लगेच मैदानावर जायचे होते. प्रशिक्षकांनी साफ नकार दिला. तेव्हा फार राग आला होता. प्लीहेबद्दल कोणी नीट समजावले असते तर राग आला नसता. इथे कोणी समजावेल का? नव्या मुलांना उपयोग होईल.

हेमांगी

प्लीहा पोटात डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला असते आणि मुख्यतः रक्त गाळण्याचे आणि लिम्फोसाइट बाळगण्याचे काम करते. मोनोत ती या पेशींनी भरते, वाढते आणि बरगड्यांच्या खाली उतरू लागते. तिचे आवरण ताणले जाते. अशा वेळी धक्का बसला तर, आणि क्वचित धक्का नसतानाही, ती फाटू शकते. शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत हे होते, पण झाले तर पोटात जोरात रक्तस्राव होतो. बहुतेक घटना पहिल्या तीन आठवड्यांतल्या. म्हणून किमान तीन-चार आठवडे धडकाधडकीचे खेळ, वजन उचलणे बंद. तुमच्या प्रशिक्षकांनी योग्य तेच केले.

डाव्या कुशीत अचानक जोराची कळ, डाव्या खांद्यात दुखणे, चक्कर: थेट रुग्णालय. श्वास घ्यायला त्रास किंवा पाणीही गिळता न येणे: तेही थेट रुग्णालय. टॉन्सिल एवढे सुजू शकतात की वाट बंद होते. तेव्हा स्टेरॉइड देतात, कारण सूज टी पेशींची आहे आणि स्टेरॉइड त्यांना आवर घालते. साध्या मोनोत मात्र देत नाहीत. ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाने लाळेतला विषाणू कमी होतो पण रुग्णाला लवकर बरे वाटत नाही. अनुराधा म्हणतात त्याला हे पूरकच आहे. आजार जाणवतो तेव्हा विषाणूच्या वाढीचा जोर ओसरू लागलेला असतो.

संध्याकाळ

मला मोनोत ॲमॉक्सिसिलिन दिले गेले होते आणि अंगभर लाल पुरळ उठले. तेव्हापासून सगळीकडे ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले जाते आहे. ते बरोबर आहे का?

हेमांगी

मोनो असताना ॲमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिनने पुरळ येणे प्रसिद्ध आहे आणि बहुतेक वेळा ती कायमची ॲलर्जी नसते. चेतलेल्या प्रतिकारयंत्रणेची ती त्या वेळेपुरती प्रतिक्रिया असते. पण आपल्या मनाने गोळी घेऊन बघू नका. ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि मगच तो शिक्का काढा. काढता आला तर जरूर काढा, पुढे गंभीर संसर्गात चांगले औषध हाताशी राहते.

संध्याकाळ

मनापासून आभार. आणखी एक विचारते. ताप गेल्यावरही मला कित्येक महिने थकवा होता. जिना चढले की आडवे व्हावेसे वाटायचे. घरचे म्हणायचे, आता रिपोर्ट चांगले आहेत, मनावर घेऊ नकोस. तो थकवा खरा होता का?

अनुराधा_स

खरा होता. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावात झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ईबीव्ही, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू अशा तीन अगदी वेगळ्या संसर्गांच्या रुग्णांवर त्यांनी लक्ष ठेवले. सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोकांना रोजची कामे अडवणारा थकवा होता, तिन्ही आजारांत साधारण सारखाच. आणि तो कुणाला राहील हे मनःस्थितीवरून नव्हे, तर सुरुवातीचा आजार किती तीव्र होता त्यावरून सांगता येत होते. तुम्हाला कोणी ‘मनावर घेऊ नकोस’ म्हटले याचे मला वाईट वाटते.

चिकित्सक

मूळ धाग्यातला एक प्रश्न अजून तसाच आहे. जिंकले की हरले? विषाणू राहतोच तर एवढ्या टी पेशी वाढवून मिळवले काय?

अनुराधा_स

मिळवले पुष्कळ. वाढणाऱ्या, विभागणाऱ्या बाधित बी पेशी जवळजवळ सगळ्या मारल्या जातात. ज्यांना अवयव प्रत्यारोपणानंतर टी पेशी दाबणारी औषधे घ्यावी लागतात, त्यांच्यापैकी काहींत त्याच बी पेशी मोकाट वाढून लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटांचा कर्करोग, होतो. शक्य असेल तिथे ती औषधे कमी केली की काहींच्या गाठी विरघळतात. इतकेच नाही, निरोगी दात्याच्या ईबीव्ही ओळखणाऱ्या टी पेशी वाढवून अशा रुग्णांना देता येतात. त्यातल्या एका उपचाराला युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. टी पेशींनी काय मिळवले, ते यावरून दिसते.

उरतो तो विषाणू स्मृती बी पेशींत शिरून गप्प बसतो. तिथे तो जवळजवळ काहीच प्रथिने बनवत नाही, मग टी पेशींनी ओळखायचे कशावरून? पेशी विभागताना त्याला ईबीएनए १ हे प्रथिन लागतेच. पण त्यात ग्लायसिन आणि ॲलानिनची अशी लांबलचक माळ आहे की त्याचे तुकडे होऊन पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जाणेच अवघड होते. कोट्यवधी वर्षे आपल्या पूर्वजांसोबत राहून तो हे शिकला आहे. अधूनमधून एखादी पेशी जागी होते, टॉन्सिलजवळ थोडे विषाणू सुटतात, टी पेशी त्यातल्या बऱ्याच टिपतात. हे आयुष्यभर चालू राहते. मी त्याला हार म्हणणार नाही.

निशाचर

पण या विषाणूचा मल्टिपल स्क्लेरोसिसशी (एमएस, मज्जासंस्थेचा एक आजार) संबंध आहे ना? ते वाचून झोप उडाली होती.

अनुराधा_स

आहे. २०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. ईबीव्हीचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. इतर विषाणूंबाबत तसे काही दिसले नाही. ईबीएनए १ चा एक तुकडा मज्जासंस्थेतल्या ग्लायलकॅम या प्रथिनासारखा दिसतो, त्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडे भलतीकडे वळू शकतात, हेही त्याच वर्षी दाखवले गेले. पण जवळजवळ सगळ्या प्रौढांत हा विषाणू असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो. संसर्ग ही एक अट असावी, पुरेशी नव्हे. झोप उडवू नका.

चिकित्सक

मग लस का नाही?

अनुराधा_स

प्रयत्न चालू आहेत, मान्यता मिळालेली अजून एकही नाही. २००७ मध्ये जीपी ३५० वापरून केलेल्या लसीची चाचणी प्रसिद्ध झाली. तिने संसर्ग थांबवला नाही, मोनोचे प्रमाण मात्र ७८ टक्क्यांनी घटवले. तुम्ही वर विदा मागितला होता, त्यात हाही धरा. विषाणू आलाच, पण आजार टळला.

चिकित्सक

धरला. हा सगळ्यात बोलका आहे.

मुग्धा_क

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. मुलालाही वाचायला दिले. ‘सीडी ८ पेशी’वाला प्रतिसाद तो मित्रांना वाचून दाखवत होता. धावपटू, तुमच्यामुळे त्याने जिमचा हट्ट आपणहून सोडला, त्याबद्दल खास आभार.

कालच पुन्हा रक्त तपासले. लिम्फोसाइट उतरत आहेत, पण ॲटिपिकलचा शेरा थोड्या प्रमाणात अजून आहे. इतक्या वाढलेल्या पेशी जातात कुठे? आणि हा शेरा पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचे का?

सूक्ष्मदर्शी

शेरा काही आठवडे रेंगाळतो. मुलगा बरा होत असेल आणि हिमोग्लोबिन, प्लेटलेट ठीक असतील तर दर आठवड्याला सुई टोचायची गरज नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच.

अनुराधा_स

त्या पेशी मरतात. आणि ते आधीपासूनच ठरलेले असते. चेतलेल्या सीडी ८ पेशींत स्वतःला जगवणारे बीसीएल २ हे प्रथिन फार कमी असते, त्यामुळे इशारा ओसरला की त्या मोठ्या संख्येने आत्मनाश पत्करतात. थोड्या स्मृती पेशी होऊन मागे राहतात. निरोगी माणसाच्या रक्तात पुढे कित्येक वर्षांनीही त्या सापडतात. तुमच्या मुलाच्या रक्तात आता त्यांची छाटणी चालू आहे.

हेमांगी

आणि मुग्धा, थकवा गेला की हळूहळू सुरुवात करू द्या. एक दिवस बरे वाटले म्हणून दिवसभराची धावपळ नको. भरपूर पाणी, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, पण त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून, कारण यकृत अजून सावरते आहे. आणि घरात लहान किंवा किशोरवयीन मुलांना तापात ॲस्पिरिन कधीच देऊ नका.

मुग्धा_क

नोंदवून ठेवले. शेवटचे एकच विचारते, मोनो पुन्हा होईल का?

हेमांगी

बहुतेकांना एकदाच होतो. पुन्हा असाच घसा सुजून ताप आला तर ‘मोनो परत आला’ असे गृहीत धरू नका, दुसरे कारण शोधायला लावा.